बहात्तराव्या रकान्यापलीकडे

मयूर विहार फेज वनमधून सकाळी आठ वीसला सुटणाऱ्या चार्टर्ड बसमध्ये डावीकडची चौथी खिडकी प्रभाताई उजगऱ्यांची. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सात वर्षांत त्या जागेवर दुसरं कुणी बसलं नव्हतं. १९९१चा जानेवारी होता. धुक्यातून बस निजामुद्दीनच्या पुलाकडे रांगत निघाली की बायका मांडीवर वर्तमानपत्र पसरून मटार सोलायला घेत. लोधी रोड येईपर्यंत संध्याकाळच्या भाजीची सोय होऊन जाई. प्रभाताईंच्या मांडीवर मात्र हिरव्या पट्ट्यांच्या छापील कागदाची लांबलचक घडी असे आणि हातात लाल पेन्सिल.

"उजगरे जी, इसमें से मटर तो निकलेगा नहीं," शेजारी बसणाऱ्या पंजाबी बाई रोज चिडवत.

"कीड़ा निकल आए तो भी बहुत है जी," प्रभाताई म्हणत आणि मान वर न करता पुढची ओळ धरत.

प्रभाताई मूळच्या अहमदनगरच्या. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. मॅट्रिक झाल्या, टायपिंग शिकल्या आणि जयंत उजगऱ्यांशी लग्न होऊन दिल्लीला आल्या. जयंतराव एका मंत्रालयात कारकून. दोन वर्षं घरी बसल्यावर प्रभाताईंनी पंच ऑपरेटरची जागा मिळवली, नद्यांच्या पाण्याची मोजदाद ठेवणाऱ्या एका सरकारी कार्यालयात. त्या काळी कॉम्प्युटरला काहीही सांगायचं तर ते आधी पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून लिहावं लागे. ती भोकं पाडायला रांगेत बारा मुली बसत. त्यातल्या बहुतेक पुढे टायपिस्ट झाल्या, काही घरी गेल्या. प्रभाताईंना एक खोड होती. आपण काय टाइप करतोय ते त्या वाचत. पोस्टाने बी.ए. केलं, खात्याची परीक्षा दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास केली आणि चाळिशीच्या तोंडावर टेक्निकल असिस्टंट झाल्या. ज्या विभागात त्यांनी दुसऱ्यांचे प्रोग्रॅम पंच केले, त्याच विभागात आता त्या प्रोग्रॅम लिहीत होत्या. हे एवढं सगळं जानेवारीत पणाला लागलं.

विभागाचं काम असं. नदीकाठी खोल विहिरीसारखा एक पाइप, त्यात तरंगणारा गोळा. गोळ्याला तार, तार एका चाकावरून गेलेली. पाणी चढलं की चाक फिरे. चाकावर एकशे चव्वेचाळीस खुणा. शेजारच्या लोखंडी डब्यातलं चिमुकलं यंत्र कितवी खूण आली ते पाही, आपल्या कोष्टकातून पाण्याची उंची काढी आणि वायरलेसवरून दिल्लीला कळवी. प्रत्येक नदीचं कोष्टक वेगळं, म्हणून प्रत्येक डब्याचा प्रोग्रॅमही वेगळा.

हे प्रोग्रॅम आजवर हाताने लिहिले जात, यंत्राला कळेल अशा तुटक तुटक हुकमांत. त्या हुकमांचं यंत्राच्या आकड्यांत रूपांतर करणारा जो प्रोग्रॅम, त्याला म्हणायचं असेंब्लर. तो टिपणीस साहेबांनी सत्तरच्या दशकात लिहिला होता, एका समितीने वर्षभर तपासून त्यावर शिक्का मारला होता आणि डब्यात जाणारी प्रत्येक गोष्ट त्याच्यातूनच गेली पाहिजे असा नियम होता. टिपणीस साहेब निवृत्त झाले आणि हाताने भराभर लिहिणारं कुणी उरलं नाही. म्हणून विभागप्रमुख श्रीरंग दाबके यांनी परदेशातल्या एका विद्यापीठातून टेपवर एक कंपायलर मागवला. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेलं तो घेई आणि असेंब्लरला लागणारे तुटक हुकूम स्वतःच लिहून देई.

अडचण एकच. त्याने लिहिलेलं टिपणीस साहेबांच्या असेंब्लरला चालत नव्हतं.

डायरेक्टर साहेबांनी जानेवारीत दाबके आणि प्रभाताई दोघांना बोलावून सांगितलं, "एक अप्रैल को कमेटी बैठेगी. तब तक आपका कंपायलर और टिपणीस जी का असेंब्लर एक-दूसरे की बात समझ लें तो ठीक. नहीं तो प्रोग्रामिंग गुड़गांव की एक प्राइवेट फर्म को जाएगी." मग टेबलावरचा एक कागद त्यांनी प्रभाताईंकडे सरकवला. विभाग बंद झाल्यास श्रीमती उजगरे यांची नेमणूक आवक-जावक शाखेत. तारीख सोडून सगळं टाइप झालेलं होतं.

आवक-जावक म्हणजे तळमजल्यावर येणाऱ्या पत्रांवर शिक्का मारायचा आणि जाणाऱ्या पत्रांवर तिकीट लावायचं. पगार तोच. जयंतराव म्हणालेसुद्धा, "पगार तोच असेल तर काय बिघडलं? पाचला सुटशील, डोळ्यांना आराम."

"जयंत, तुला उद्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवू नकोस, फक्त वह्या वाट, असं सांगितलं तर?"

जयंतरावांनी स्कूटरची किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "कणीक मी भिजवतो. तू कर तुझं."

श्रीरंग दाबके सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे, जन्म दिल्लीतला, मराठी आईकडून ऐकलेली तेवढीच. हुशार माणूस, पण घाईचा. पहिल्या दिवशी म्हणाले, "मॅडम, दिमाग मी लावतो, तुम्ही फक्त टाइप करत जा. दोन हफ्त्यात होऊन जाईल."

"बरं," प्रभाताई म्हणाल्या. पंधरा दिवस त्यांनी टाइप केलं. पंधरा दिवसांनी असेंब्लरने पहिल्याच पानावर चारशे चुका दाखवल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, आता थोडा दिमाग मी लावू का?"

कंपायलरच्या पोटात वर्णनाची एक फाइल असते. समोरचा असेंब्लर कसा आहे, त्याला काय रुचतं आणि काय पचत नाही, ते सगळं तिच्यात लिहायचं. नव्या सुनेला सासूने घरातल्या पथ्याची यादी द्यावी तसं. आजेसासूंना दात नाहीत, भाकरी दुधात कुस्करून द्यायची, मामंजींना हिंग चालत नाही, असं एकेक. सून कितीही सुगरण असली तरी ही यादी तिला कुणीतरी द्यावीच लागते. श्रीरंगनी यादी अंदाजाने लिहिली होती. प्रभाताईंनी असेंब्लरसमोर एकेक घास ठेवून बघायला सुरुवात केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चालवायची, काय म्हणतो ते वहीत टिपायचं.

कंपायलर प्रत्येक नावाच्या आधी खाली रेघ मारी, असेंब्लरला ती रेघ ठाऊकच नव्हती. प्रोग्रॅममधल्या एखाद्या जागेला दिलेल्या नावापुढे कंपायलर दोन ठिपके देई, असेंब्लर ते नावाचाच भाग समजे. ही दोन पथ्यं चार दिवसांत निघाली. पण एकाने पुरा पंधरवडा खाल्ला. यंत्राच्या मेमरीत आकडे ठेवताना ते समान अंतराच्या घरांत ठेवायचे असतात. कंपायलर लिही 'दोन', आणि त्याचा अर्थ असे दोनदा दुप्पट, म्हणजे चार. असेंब्लर साधा माणूस, दोन म्हणजे दोनच समजे. चूक दाखवत नसे. निमूटपणे आकडे भलत्याच घरात ठेवून देई.

"इतका साधा फरक, आणि मी डबे बनवणाऱ्या हार्डवेअरवाल्यांशी भांडून आलो," श्रीरंग म्हणाले.

"जाऊन सांगून या, चूक आपली होती म्हणून."

"जरूरी आहे का, मॅडम?"

"परत भांडायची वेळ येईल ना. तेव्हा बरं पडेल."

श्रीरंग गेले आणि सांगून आले. त्यानंतर ते 'तुम्ही फक्त टाइप करा' असं कधी म्हणाले नाहीत.

होळी झाली. बसमधले मटार संपले, स्वेटर विणणाऱ्या सुया पिशवीत गेल्या. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा असेंब्लरने एकही चूक दाखवली नाही. प्रोग्रॅम चिपवर उतरला, चिप डब्यात बसली, डबा टेबलावर आला. विभागातल्या पाण्याच्या टाकीची खोली जेमतेम दीड मीटर, म्हणून चाक हातानेच फिरवून बघायचं. श्रीरंगनी दहा-बारा ठिकाणी फिरवून पाहिलं. आकडे बरोबर. त्यांनी मिठाई मागवली.

प्रभाताईंनी बर्फीचा तुकडा कागदावर बाजूला ठेवला आणि चाक शून्यावर आणून एकेक खूण पुढे सरकवायला लागल्या. प्रत्येक खुणेला डब्यावरचा आकडा वाचायचा, कोष्टकाशी ताडायचा, बरोबरची खूण करायची. शंभरीपर्यंत सगळं ठीक होतं. एकशे एकोणीस, ठीक. एकशे विसाव्या खुणेला डब्याने सांगितलं, पाणी अकरा सेंटिमीटर.

असायला हवे होते अकराशे ब्याण्णव. जवळजवळ बारा मीटर, म्हणजे पूर. एकशे एकविसाव्या खुणेला आकडा परत बरोबर. मग एकशे बत्तीसला तेरा, आणि शेवटच्या एकशे चव्वेचाळीसला चौदा. एकशे चव्वेचाळीसपैकी तीन खुणा चुकत होत्या, आणि तिन्ही पुराच्या. नदी पात्राबाहेर निघाली असताना डबा दिल्लीला कळवणार होता की पात्र कोरडं आहे.

हे झालं बुधवारी. समिती सोमवारी बसणार होती.

"चाकाचा दाता खराब आहे," श्रीरंग म्हणाले आणि गुरुवारी सकाळी दुसरं चाक घेऊन आले. तेच तीन आकडे आले. त्यांचा चेहरा उतरला. "मग टिपणीस साहेबांचा असेंब्लरच खराब. मी लिहून देतो कमिटीला."

"तसं लिहिलंत तर असेंब्लर नव्याने तपासायला वर्ष जाईल. आणि आपण सोमवारीच संपलो."

"मग काय करायचं, सांगा ना."

"सर, एकशे वीस, एकशे बत्तीस, एकशे चव्वेचाळीस. बाराबाराचं अंतर आहे. चाकात बाराचं काही नाही. बाराचं कुठे आहे ते बघते."

त्यांनी छापील कागदाची घडी जमिनीवर पसरली आणि चपला काढून तिच्याशेजारी उकिडव्या बसल्या. कोष्टक कंपायलरने ओळीने लिहिलं होतं, एका ओळीत बारा आकडे. एकशे विसावा आकडा हा दहाव्या ओळीतला शेवटचा. एकशे बत्तिसावा अकराव्या ओळीतला शेवटचा. कागदावर तो पुरा छापलेला दिसत होता, १३१३. पण डाव्या कडेला, जिथे असेंब्लर आपण काय वाचलं ते लिहितो, तिथे होते तेरा. पुढचे दोन अंक त्याने वाचलेच नव्हते.

लाल पेन्सिलीच्या टोकाने प्रभाताईंनी ओळीतली अक्षरं मोजली. मग पुन्हा मोजली. तीन अंकी आकड्यांच्या ओळी लवकर संपत होत्या. पाणी दहा मीटरच्या वर गेलं की आकडे चार अंकी होत आणि ओळ लांबत जाई. चौऱ्याहत्तर अक्षरं. असेंब्लरने वाचलेली बहात्तर.

त्या तशाच बसून राहिल्या. श्रीरंगना वाटलं गुडघे दुखले.

"सर, हा असेंब्लर मी पंच केलेला आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"चौऱ्याहत्तर साली. टिपणीस साहेब कागदावर लिहायचे, मी कार्डं काढायची. तीन हजार कार्डं होती. एका कार्डावर ऐंशी रकाने, एका रकान्यात एक अक्षर. बहात्तरपर्यंत हुकूम, आणि शेवटच्या आठात कार्डाचा अनुक्रमांक. एकदा ट्रे जिन्यावरून पडला. साहेब आणि मी दुपारभर जमिनीवर बसून क्रमांक बघून कार्डं लावली. ते क्रमांक माणसांसाठी असायचे. मशीनने बहात्तरच्या पुढे बघायचंच नाही, असा कायदा होता."

"पण कार्डं तर कधीच बंद झाली."

"आपल्यासाठी झाली. त्याला कुणी सांगितलं नाही."

श्रीरंग हसले आणि लगेच घड्याळाकडे बघितलं. "बिल्कुल ठीक. मग तीनच ओळी आहेत ना? मी हाताने तोडतो. पाच मिनिटांचं काम. सोमवारी दाखवू आणि फिनिश."

"आणि पुढच्या नदीच्या प्रोग्रॅमला?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. मॅडम, सेक्शन वाचवायचा आहे की नाही?"

"वाचवायचाच आहे. आवक-जावकला मला जावं लागणार, तुम्हाला नाही." प्रभाताई कागदाची घडी घालू लागल्या. "पण हाताने तोडलेली ओळ आपली झाली, कंपायलरची नाही. कमिटीला आपण सांगणार की कंपायलर करतो. ते मला जमणार नाही. ओळ कुठे तोडायची हे त्या वर्णनातच लिहायला हवं."

"चलो. मग उद्या शुक्रवार, छुट्टी आहे. सकाळी नऊला येऊन बसू."

"उद्या मी येणार नाही. गुड फ्रायडे आहे."

"हो ना, म्हणून तर छुट्टी आहे."

"सर, ती सुट्टी आमच्यामुळेच आहे."

श्रीरंग कानाला हात लावून म्हणाले, "सॉरी, मॅडम. मला कधी लक्षातच आलं नाही."

शुक्रवारी बारा ते तीन प्रभाताई चर्चमध्ये होत्या. दर वर्षीसारखा उपास होता. तीनला बाहेर आल्यावर त्या जयंतरावांना म्हणाल्या, "घरी नको. गाझियाबादला चल."

"रिकाम्या पोटी? या उन्हात?"

"टिपणीस साहेबांना एक विचारायचं आहे. त्यांच्याकडे फोन नाही."

स्कूटरवरून जाताना त्यांच्या डोक्यात एकच गाठ होती. आकड्यांची ओळ तोडणं सोपं. आठ आकडे झाले की नवी ओळ. पण डबा इशाऱ्याची वाक्यंही पाठवतो. लांब वाक्य मध्येच तोडलं तर असेंब्लर ते जोडून वाचेल, की पहिल्या तुकड्यालाच वाक्य संपलं समजेल?

टिपणीस साहेब बनियनवर अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालत होते. प्रभाताईंना बघून शर्ट घालून आले. चहाला त्या नको म्हणाल्या, तेव्हा साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि आत हाक मारली, "अगं, चहा नको टाकूस. यांचा आज उपास असतो."

प्रभाताईंनी सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे माझ्या असेंब्लरमध्ये चूक नाही."

"नाही साहेब. तुमच्यात चूक नाही."

"दाबके म्हणत असेल, म्हाताऱ्याचं जुनं झालं."

"म्हणत होते. काल दुपारपर्यंत."

साहेब खुश झाले. त्यांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर, जणू असेंब्लरच कंपायलरला सांगतोय असं, लिहून दाखवलं. वाक्य कितीही तुकड्यांत दे, प्रत्येक तुकड्याला वेगळा हुकूम दे. मी तुकडे एकमेकांना चिकटवून ठेवतो. फक्त शेवटचं शून्य, म्हणजे वाक्य संपल्याची खूण, शेवटच्या तुकड्यालाच. मध्ये दिलंस तर वाक्य तिथेच तुटेल.

"हे कुठे लिहिलेलं नाही, साहेब."

"कशाला लिहायचं? मला ठाऊक होतं ना."

प्रभाताईंनी पाकीट पर्समध्ये ठेवलं. निघताना साहेब फाटकापर्यंत आले. "प्रभाबाई, तो ट्रे जिन्यावर मीच पाडला होता. तुम्ही तेव्हा कुणाला बोलला नाहीत."

"सगळ्यांना माहीत होतं, साहेब."

शनिवारी पंख्याखाली दिवसभर त्या एकट्याच बसल्या. आकड्यांचं जमलं. एका ओळीत आठ. वजाचं चिन्ह धरून सगळ्यात मोठा आकडा घेतला तरी ओळ सत्तराव्या रकान्याला संपत होती. वाक्यांचं मात्र जमेना. तुकडे पडत होते, पण प्रत्येक तुकड्याला शून्य चिकटत होतं. पाचला रखवालदार कुलूप घेऊन आला.

रविवारी ईस्टर. पहाटेच्या उपासनेहून परत येऊन त्यांनी दोघांचं जेवण डब्यात भरलं. जयंतरावांनी विचारलं, "दोघांचं कशाला?"

"दाबके येतील."

"ते म्हणाले?"

"नाही. पण हाताने ओळी तोडलेली टेप तयार करून ठेवली असेल त्यांनी. ती ठेवायला येतील."

श्रीरंग अकराला आले, हातात टेप. "बस, सेफ्टी म्हणून, मॅडम. तुमचं नाही झालं तर."

"ठेवा तिथे कपाटावर. आणि हे बघा, शून्य कुठून येतंय ते मला दिसेना. दोन दिवस तेच बघून डोळे बधिर झालेत."

श्रीरंग खुर्ची ओढून बसले. वर्णनाची फाइल दोघांनी ओळ न् ओळ वाचली, एकाने मोठ्याने, दुसऱ्याने बोट ठेवून. दोनच्या सुमाराला श्रीरंगचं बोट थांबलं. वाक्याचा हुकूम दोन प्रकारांनी देता येई, एक शून्यासकट, एक शून्याविना. त्यांनी जानेवारीत अंदाजाने एकच लिहिला होता, शून्यासकटचा. तो दोन्हीकडे वापरला जात होता.

"ये तो मेरी ही गलती निकली," ते म्हणाले.

"कुणाची का असेना, निघाली ना. आता जेवा."

मटणाचा रस्सा आणि भात खाऊन त्यांनी दुरुस्ती केली आणि साडेचारपर्यंत पाच वेगवेगळे प्रोग्रॅम चालवून बघितले. एकही ओळ बहात्तरच्या पुढे गेली नाही. कपाटावरची टेप श्रीरंग न सांगता परत घेऊन गेले.

सोमवारी समितीचे तिघे जण आले. अध्यक्ष पांढऱ्या केसांचे, मोजकं बोलणारे. त्यांनी बॅगेतून स्वतःची टेप काढली. "आपका तैयार किया हुआ नहीं देखेंगे. ये हमारा प्रोग्राम है, दूसरी नदी का. इसे चलाइए."

श्रीरंगनी प्रभाताईंकडे बघितलं. प्रभाताईंनी टेप घेतली आणि लावली. कंपायलरने आपलं काम केलं, असेंब्लरने आपलं. चिप झाली, डब्यात बसली. इशाऱ्याचं लांब वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत सलग आलं. अध्यक्षांनी चाक इथे तिथे फिरवलं, अकरा ठिकाणी आकडे ताडून बघितले आणि पेनाचं टोपण काढलं. जेवणाची वेळ झाली होती. डायरेक्टर साहेब दाराकडे वळलेसुद्धा.

"सर," प्रभाताई म्हणाल्या, "निशान एक सौ चवालीस हैं. आपने ग्यारह देखे हैं."

श्रीरंगनी डोळे मिटले.

"ग्यारह ठीक थे," अध्यक्ष म्हणाले.

"ठीक थे. पर हमारे यहाँ बुधवार को तीन गलत थे. एक सौ बीस, एक सौ बत्तीस और एक सौ चवालीस. क्यों गलत थे, वो हमें मालूम है, और ठीक किया है. आप वो तीन देखे बिना दस्तखत करेंगे तो मुझे ठीक नहीं लगेगा."

डायरेक्टर साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. अध्यक्षांनी पेन टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "घुमाइए. सब के सब."

प्रभाताईंनी चाक शून्यावर आणलं. एक जण खूण सांगे, एक जण कोष्टक वाची, अध्यक्ष स्वतः डब्यावरचा आकडा बघत. पन्नास मिनिटं लागली. एकशे विसाव्या खुणेला खोलीतले सगळे डब्यावर वाकले. अकराशे सत्त्याऐंशी. कोष्टकात अकराशे सत्त्याऐंशी. एकशे बत्तीस बरोबर, एकशे चव्वेचाळीस बरोबर.

मग अध्यक्षांनी चूक काय होती ते विचारलं, आणि प्रभाताईंनी कागद पसरून दाखवलं. ते बराच वेळ त्या डाव्या कडेच्या आकड्याकडे बघत राहिले. सही करताना त्यांनी दोन ओळी आपल्या हाताने वर लिहिल्या. डब्यांचे प्रोग्रॅम यापुढे याच कंपायलरने आणि याच विभागात व्हावेत. तारखेविना टाइप झालेला तो कागद डायरेक्टर साहेबांनी फाइलमधून काढला, आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, रद्द.

सगळे जेवायला गेल्यावर श्रीरंग म्हणाले, "मॅडम, अकरावरच ते खुश होते. काही झालं असतं तर? माझा तर श्वास अडकला होता."

"काल पाच वेळा चाललं होतं, सर. आज काय होणार होतं?"

"तरी पण."

"त्यांनी ते तीन बघायलाच हवे होते. नाहीतर आपण का तोडतो ओळ, हे कुणाला कळलं नसतं. उद्या कुणीतरी म्हणालं असतं, आठच का, बारा लिहा, कागद वाचेल."

त्यांनी ड्रॉवरमधून कोरे कागद काढले, मध्ये कार्बन घातला आणि टाइपरायटरला लावले. टिपणीस साहेबांचं पाकीट शेजारी ठेवलं. वर मथळा टाइप केला, या असेंब्लरसाठी कंपायलरची मांडणी. त्याखाली १ हा आकडा घातला आणि पहिलं कलम लिहिलं. कोणतीही ओळ बहात्तराव्या रकान्यापलीकडे नेऊ नये.

"झालं ना?" श्रीरंगनी विचारलं. "चला जेवायला. आज मी डबा आणलाय, आईने खास तुमच्यासाठी दिलाय."

"तुम्ही व्हा पुढे, उघडून ठेवा," प्रभाताई म्हणाल्या. "का नेऊ नये, ते राहिलंय अजून. एवढं लिहून आलेच."

आणि त्या पुढची ओळ टाइप करू लागल्या.